सरकारी दप्तर कुणाच्या हातात?

सरकारी कार्यालयांत ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता-बदलता येतो असं, सॉफ्टवेअर आणायचं म्हटलं, की आधी वाचलेल्या पैशांचा आकडा पुढे येतो. केरळच्या शाळांनी ‘तीन हजार कोटी वाचवले’ अशा बातम्या 2019 मध्ये झळकल्या. हिशेब साधा होता: दोन लाखांहून जास्त संगणक, गुणिले बंदिस्त सॉफ्टवेअरचा बाजारभाव. एवढं मोठं गिऱ्हाईक छापील किंमत कधी मोजतं का, हा प्रश्न बाजूला ठेवू. मला खटकतं ते दुसरंच. काटकसर हा ओपन सोर्सचा सगळ्यात लंगडा आधार आहे आणि नेमका तोच आपण पुढे करतो. केरळचं खरं यश शिक्षकांच्या प्रशिक्षणात होतं, पण त्याचा मथळा होत नाही.

ओपन सोर्सची पायाभरणी स्टॉलमन यांच्या 1983 च्या ग्नू प्रकल्पाने आणि टॉरवाल्ड्स यांच्या 1991 च्या लिनक्स या संगणक प्रणालीने केली. सरकारांनी हे सॉफ्टवेअर का घ्यावं, याचं स्वच्छ उत्तर 2002 मध्ये पेरूतून आलं. तिथले लोकप्रतिनिधी एडगर विलानुएवा यांनी सरकारात असं सॉफ्टवेअर वापरण्याचं विधेयक मांडलं होतं; त्यावरच्या मायक्रोसॉफ्टच्या आक्षेपांना त्यांनी लेखी उत्तर दिलं. सार्वजनिक माहिती नागरिकाला खुली हवी, ती टिकली पाहिजे आणि राज्य सुरक्षित राहिलं पाहिजे, ही त्यांच्या विधेयकाची तत्त्वं होती. बचत त्यांनी दुय्यम मानली.

पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या म्युनिक शहराचं प्रकरण घडलं, आणि सगळ्यांचं वाचन चुकतं ते इथे. प्रचलित गोष्ट अशी: शहर पैसे वाचवायला लिनक्सकडे गेलं, हात पोळले, परत विंडोजवर आलं. प्रत्यक्षात महापालिकेच्या सुमारे 14 हजार संगणकांवर विंडोज एनटी 4 होतं आणि मायक्रोसॉफ्ट त्याचा सपोर्ट बंद करणार होती. यंत्रं चालू, कर्मचारी सरावलेले, तरी नव्या खर्चाची वेळ शहराबाहेर कुणीतरी ठरवणार! मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटले. कंपनीने भाव उतरवत उतरवत लिनक्सच्या प्रस्तावाच्याही खाली आणला. तरीही मे 2003 मध्ये नगरसभेने लिनक्सच निवडलं. म्हणजे शहराने महाग पर्याय उघड्या डोळ्यांनी घेतला. आपल्या यंत्रणेचं वेळापत्रक आपल्या हाती असावं, याची ती किंमत होती.

म्युनिक घसरलं ते नंतर. 2012 मध्ये शहराने एक कोटी युरोंहून जास्त बचतीचा डांगोरा पिटला. लगेच मायक्रोसॉफ्टच्या पैशाने झालेला एचपीचा अहवाल उलटे आकडे घेऊन आला. वाद पैशांचा झाला, की ज्याची तिजोरी मोठी त्याचा अहवाल जाड. 2017 मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. त्या परतीचा अंदाजित खर्चही सुमारे पाच कोटी युरो होता. जाताना स्वस्ताई निर्णायक नव्हती, येतानाही नव्हती.

आपल्याकडे केंद्राने 2015 मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण आणलं. त्यातही एकूण खर्च कमी करणं हे एक उद्दिष्ट आहेच. पण मराठी माणसाला खरं कारण समजायला म्युनिक कशाला हवं? युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला एखादा जुना ठराव उघडून बघा. तो फाँट संगणकात नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांची रांग उमटते. फाइल शाबूत, मजकूर गायब. प्रत्येक विक्रेत्याची अक्षरांची मांडणी वेगळी, त्यामुळे गावाचा ठराव वाचायची किल्ली त्याच्याकडे. ते विक्रेते देशी होते, म्हणून कुलूप सैल झालं नाही. परदेशी बंदिस्त सॉफ्टवेअर काढून देशी बंदिस्त सॉफ्टवेअर बसवण्याला जे आज स्वावलंबन म्हणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ओपन सोर्स सरकारने घ्यावंच. मात्र परवान्याचे वाचलेले पैसे तिजोरीत परत न टाकता प्रशिक्षण, दुरुस्ती आणि कायमस्वरूपी तंत्रज्ञ यांवर खर्च करावेत. तेवढी तयारी नसेल, तर पुढचा मंत्री कमी दराची निविदा दाखवून सगळं गुंडाळेल, आणि आपल्याच युक्तिवादाने त्याला ते सोपं केलेलं असेल.