पथ्य आणि पापपुण्य

गेल्या हिवाळ्यात आमच्या दिल्लीच्या कचेरीतील एका सहकाऱ्यांस फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. दुपारी उन्हात डबे उघडून बसलो असता कोणी तरी म्हणाले, "भाजीला कधी हात लावीत नसत ते!" आम्ही मान डोलाविली. त्या मान डोलाविण्यात दुःखापेक्षा स्वतःच्या सुरक्षिततेचे समाधान अधिक होते, हे मागाहून ध्यानी आले आणि आम्ही ओशाळलो. आजाऱ्याच्या ताटात त्याचा अपराध शोधण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

विज्ञानाने, असे उत्तर सुचते. परंतु विज्ञानाची साक्ष पुरती ऐकावयास हवी. पिवळ्या व हिरव्या भाज्या अधिक खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. त्यावरून गाजरास रंग देणारे बीटा-कॅरोटीन हेच रक्षक असावे, असा तर्क निघाला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर त्याची कसोटी झाली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडून काहींना ते द्रव्य रोज २० मिलिग्रॅम देण्यात आले, काहींना नाही. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : द्रव्य घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! अमेरिकेत 'अ' जीवनसत्त्वाची जोड देऊन केलेल्या अशाच प्रयोगात तो २८ टक्क्यांनी अधिक आढळला. १९९६ साली तो प्रयोग २१ महिने आधीच थांबवावा लागला.

मग पाहण्या खोट्या होत्या काय? तसे नव्हे. आमच्या विभागात घरचा डबा आणणारे बहुधा वेळेवर येतात. म्हणून उशिरा येणाऱ्याच्या हाती डबा दिल्याने तो वेळेवर येईल काय? डबा हे घरच्या शिस्तीचे चिन्ह आहे, कारण नव्हे. भाजी आवडीने खाणारा धूम्रपान कमी करीत असेल, त्याची मिळकत बरी असेल. श्रेय मात्र एकट्या गाजराच्या पदरी पडते.

अर्थात पाहणीस तुच्छ लेखणे हाही अविवेकच. तंबाखू आणि हा रोग यांचे नाते डॉल व हिल यांनी १९५० साली पाहणीनेच दाखविले आणि पुढे निरनिराळ्या मार्गांनी तेच सिद्ध झाले. भाजी खावी, तंबाखू सोडावा, हे निर्विवाद. तथापि सिद्ध झालेले कारणही समुदायाचा धोका सांगते. ते एका माणसाचा न्यायनिवाडा करीत नाही. पथ्य हा स्वतःस दिलेला सल्ला आहे. दुसऱ्याविरुद्धचा पुरावा नव्हे.

परवा आम्ही त्यांच्या भेटीस गेलो. त्यांनीच विचारले, "माझे काय चुकले हो?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते कोणापाशीच नाही, एवढे मात्र आम्ही प्रामाणिकपणे सांगू शकलो. आणि उन्हातल्या त्या दुपारची क्षमा मनोमन मागितली.