कृतज्ञतेची सीमा आणि सांगोला

सांगोल्याबद्दल अलीकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटलांच्या गुवाहाटीतल्या झाडी-डोंगर-हाटीलाची. दुसरी अधिक प्रतिष्ठित, म्हणून अधिक घातक: गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून देणारा मतदारसंघ म्हणजे व्यक्तिपूजेचा नमुना, आणि डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता तो याच रोगाचा. एका परिसंवादात या विधानाला टाळ्या पडल्या. मला ते सोडून देता येत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत आंबेडकर बोलले. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा भाग सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच ओघात त्यांनी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेऊन सांगितले की थोर माणसाच्याही पायाशी स्वातंत्र्य वाहू नये, संस्था मोडता येतील अशी सत्ता त्याच्या हाती देऊ नये. आयुष्यभर देशसेवा केलेल्यांविषयी कृतज्ञ राहण्यात गैर नाही, मात्र कृतज्ञतेला सीमा हवी, हे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे किती वेळा निवडून दिले ही त्यांची कसोटीच नव्हती. निवडून देणाऱ्याने नाकारण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला की नाही, ही होती.

या कसोटीवर सांगोला पाहा. १९६२ आणि १९६७ ला जिंकलेले गणपतराव, म्हणजेच आबासाहेब, १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांकडून हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पाडले. १९९९ ला लोकांनी पुन्हा आबासाहेबांना निवडले. भक्त देवाला असा घरी बसवत नाही. समोर तगडा विरोधक असलेला हा मतदारसंघ होता.

आणि आबासाहेबांना मत देऊन मिळत काय होते? आमदार सत्तेतला असला की पाणी येते, रस्ता येतो, हे ग्रामीण महाराष्ट्राचे सर्वमान्य शहाणपण. सांगोल्याने दशकानुदशके त्याच्या उलट मत दिले. आबासाहेब मंत्री झाले ते १९७८ आणि १९९९ ला. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. दुष्काळी तालुक्याने विरोधी आमदार पाठवणे म्हणजे पाणी भांडून मिळवण्याचे ठरवणे. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांतून ते भांडण चालले, कृष्णेचे पाणी उचलून आणण्याची मागणी लावून धरली गेली. धनगर समाज इथे मोठा आहे आणि आबासाहेब त्याच समाजाचे, हेही खरे. पण १९७२ ला आणि १९९५ ला जात बदललेली नव्हती, निकाल बदलला होता.

इथवर माझी बाजू पक्की आहे. २०१९ पासून ती तशी राहत नाही. आबासाहेबांनी थांबायचे ठरवले तेव्हा त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाने (शेकाप) त्यांचे नातू अनिकेत यांना उभे केले. शहाजीबापू ७६८ मतांनी जिंकले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब उभे राहिले. दोन शिवसेना एकमेकींविरुद्ध लढत असताना ते निवडून आले. शेकापचे ते विधानसभेतले एकमेव आमदार. या विजयाचा मला आनंद झाला, पण त्याच्याबरोबर आंबेडकरांचा इशाराही परत आला. आबासाहेबांना मिळालेली कृतज्ञता त्यांनी निवडणुकीगणिक, दोनदा हरून, कमावली होती. ती वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे गेली की सीमा ओलांडली जाते. दोष त्या दोन तरुणांचा नाही. साठ वर्षे लाल बावटा धरणाऱ्या तालुक्यात, सूतगिरणी उभी करणाऱ्या कार्यकर्त्यांतून, पक्षाला दुसरे नाव पुढे आणता आले नाही, हा पक्षाचा दोष आहे. घराणेशाहीला विरोध करत वाढलेल्या पक्षाने तो मान्य केला पाहिजे.

मग परिसंवादातले ते गृहस्थ बरोबर होते का? अकरा विजयांबद्दल नव्हते. त्यानंतरच्या दोन उमेदवाऱ्यांबद्दल मात्र त्यांची शंका मी स्वीकारतो. शेकापने सांगोल्यात देशमुखांच्या घराबाहेरचा उमेदवार द्यावा आणि त्यापायी एखादी निवडणूक हरावी लागली तरी हरावी. १९७२ आणि १९९५ चे पराभव या पक्षाने तिथे पचवलेले आहेत.