ओरडणारा पट्टा

साताऱ्यात कंदी पेढ्यांचं एक जुनं दुकान होतं. वडील गेल्यावर ते दोघा भावांकडे आलं. थोरला भट्टी सांभाळायचा, धाकटा गल्ला आणि बाहेरगावच्या ऑर्डरी. दुकानासोबत वडिलांची पांढरी काँटेसाही मागे राहिली होती. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनणारी ही ऐसपैस गाडी २००२ साली बनायची बंद झाली. वडिलांचा तिच्यावर फार जीव, म्हणून भावांनी ती विकली नाही.

पण दोन गोष्टींनी दोघेही वैतागले होते. गाडीचं स्टीअरिंग वळवलं की बॉनेटखालून किंचाळी उठायची आणि पॉवर स्टीअरिंगच्या पंपाचा पट्टा दोन महिन्यांतच तुटायचा. दुकानातही नोकर टिकत नव्हता. वडिलांच्या काळात एकच गडी वीस वर्षं राहिला होता. आता वर्षभरात तिसरा मुलगा कामावर होता आणि तोही सारखा कुरकुर करायचा. "हल्लीची पोरंच अशी," असं थोरला म्हणायचा. "हल्लीचे पट्टेच असे," असं धाकटा म्हणायचा.

लग्नसराईत सांगलीची मोठी ऑर्डर आली. धाकट्याने गाडी काढली आणि पेट्या उचलायला कामावरच्या मुलाला बरोबर घेतलं. कराड मागे पडलं. पेठ नाक्याला महामार्ग सोडताना त्याने स्टीअरिंग फिरवलं, तोच आत फटकन आवाज झाला आणि चाक दगडासारखं जड झालं. पट्टा पुन्हा तुटला होता. पुढचा सांगलीपर्यंतचा रस्ता त्याने दोन्ही हातांनी जोर लावत, घामाघूम होत काटला.

पेढे पोचवून गाडी विश्रामबागेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, त्या किर्लोस्करवाडीच्या परिसरात ते वाढले होते. त्यांचे वडील गावोगाव पिठाच्या गिरण्या बसवायचे. इंजिन कधी किर्लोस्करांचं असायचं, कधी सातारा रोडच्या कूपर कारखान्याचं.

"मिस्त्री, चांगल्यातला पट्टा टाका आणि चांगला आवळा," धाकटा म्हणाला.

मिस्त्रींनी तुटका पट्टा हातात घेतला, पण नवा काढला नाही. "मालक, आवाज कधीपासनं येतोय?"

धाकट्याला आठवावं लागलं. "पंप बदलला तेव्हापासून. सहा महिने झाले असतील."

"म्हंजे पट्ट्याच्या आधी पंपाकडं बघाय पायजे." मिस्त्रींनी मुलाकडे पट्टा दिला. "तुला काय दिसतंय रं?"

मुलाने पट्टा उलटसुलट केला. "एकाच बाजूनं झिजलाय. दुसरी बाजू नव्यासारखी आहे. गाडी पुसताना खाली काळी भुकटी पडलेली असते, ती पण पंपाच्याच बाजूला."

धाकटा चमकला. "मग आधी का नाही बोललास?"

"बोललो होतो, दादा. गेल्या महिन्यात. तुम्ही म्हणालात, तुझी रोजचीच कुरकुर."

धाकट्याला यावर उत्तर सुचलं नाही.

मिस्त्रींनी जुनाच एक पट्टा तात्पुरता चढवून इंजिन चालू केलं. किंचाळी सुरू झाली. त्यांनी पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब उडवले. आवाज थांबला आणि थोड्याच वेळात पुन्हा आला. "सैल असता तर पाण्यानं घसरून आणखी वरडला असता," ते म्हणाले. "ह्याला घर्षण खातंय. पुल्या एका सुतात न्हाईत."

इंजिन बंद करून त्यांनी सरळ धारेची लोखंडी पट्टी क्रँकच्या पुलीवर टेकवली आणि पंपाच्या पुलीपर्यंत नेली. क्रँकच्या पुलीवर ती दोन्ही कडांना नीट बसली. पंपाच्या पुलीवर मात्र खाली टेकली आणि वर फट राहिली. मिस्त्रींचे वडील गिरणीत हेच काम सुताने करायचे. दोन्ही पुल्यांच्या कडांवरून सूत ताणायचं आणि ते चारही ठिकाणी टेकलं तरच इंजिनाला हात घालायचा.

"पुलीवर हातोडी मारून सरळ करता येईल का?" धाकट्याने विचारलं.

"पुलीवरचा घाव दांड्यातनं पंपाच्या पोटात जातो, मालक. बेअरिंग जाईल, तेल गळाय लागंल. पुली चांगली हाय. ती ज्याच्यावर उभी हाय, ते वाकडं हाय."

पंप उतरवल्यावर दोष उघडा पडला. ब्रॅकेटच्या दोन बोल्टांपैकी एकाच्या मागे जाड वॉशर होता, दुसऱ्याच्या मागे नव्हता. पंप बदलताना कुणी तरी तो घाईत विसरलं होतं. त्यामुळे पंप कललेला होता. पट्टा जितका आवळावा तितकी ओढ वाढून पंप आणखी कलायचा. सहा महिने प्रत्येकाने आवाज थांबवायला पट्टाच आवळला होता.

कुपवाडच्या लेथवरून तेवढ्याच जाडीचा वॉशर करून आणला. मिस्त्रींनी बोल्ट आधी हातानेच बसवले, पट्टी धरून रेषा पाहिली आणि मग थोडं इकडे, थोडं तिकडे असे दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळले. नवा पट्टा चढवून मधोमध अंगठ्याने दाबला. तो साधारण एक सेंटीमीटर दबला. "एवढाच ताण. जास्ती नको. चार दिवस गाडी चालवा आणि परत बघा, नवा पट्टा थोडा सैल पडतो."

इंजिन सुरू झालं. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तरी चीं नाही की चूं नाही.

परतीच्या वाटेवर धाकट्याने मुलाला विचारलं, "दुकानात तुला नेमकं काय नडतं?"

मुलगा आधी बिचकला, मग बोलला. "सकाळी आठला थोरले दादा भट्टीवर बोलावतात. त्याच वेळी तुम्ही एसटी स्टँडवर पार्सल द्यायला पाठवता. भट्टीवर गेलो की तुमचा ओरडा, स्टँडवर गेलो की त्यांचा. माझ्या आधीची दोन पोरंही ह्याच पायी गेली."

हे कधीपासून, हा प्रश्न धाकट्याने आता स्वतःला विचारला. वडील होते तोवर सकाळची कामं तेच ठरवायचे. ते गेल्यावर भावांनी कामं वाटून घेतली, पण एकत्र बसून वेळा कधी जुळवल्याच नाहीत. नोकर मात्र दोघांच्या मध्ये रोज ताणला जात होता.

त्या रात्री दोघे भाऊ वहीसमोर बसले. पार्सलं दहाच्या गाडीने जातील, आठ ते साडेनऊ मुलगा भट्टीवर राहील आणि बदल करायचा तर आधी एकमेकांना सांगायचं, असं ठरलं. सकाळी थोरल्याने ते मुलाला स्वतः सांगितलं आणि विचारलं, "ह्यात अजून काही अडतं का?" मुलाने एक अडचण सांगितली. ती त्यांनी तिथेच लिहून घेतली.

तात्पर्य: जो ओरडतो त्याच्यावर ताण आलेला असतो, दोष बहुधा दुसरीकडे असतो. त्याला आवळण्याआधी किंवा बदलण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं आणि तो ज्यांच्यामध्ये ओढला जातो, ते एका रेषेत आहेत का, हे पाहावं.