छान दिसतं, एवढं पुरत नाही

नव्या ब्रँडचं दृश्यरूप ठरवताना आधी मूडबोर्ड होतो. रंगांचे नमुने, फोटो, अक्षरवळणं, कापड-दगडाचे पोत, सगळं एका फलकावर. त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे आर्ट डायरेक्टरने ठरवायचं असतं. प्रत्यक्षात काढण्याचं काम बहुधा राहून जातं. सगळ्यांचे फलक इंटरनेटवरच्या त्याच चित्रांनी भरतात आणि पुण्याभोवतीचे कॅफे बालीतल्यासारखे दिसू लागतात.

यावर हल्ली ‘स्थानिक व्हा’ असा सल्ला मिळतो. खडकवासल्याच्या एखाद्या ब्रँडसाठी मग फलकावर धरणाची दगडी भिंत, भाजलेलं कणीस, कढईतली कांदाभजी, मागे सिंहगड. अर्ध्या तासाचं काम! मला हा सल्लाही पटत नाही, कारण खडकवासल्यातली सर्वांत ठसठशीत वास्तू त्यात बसत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, म्हणजे एनडीएचा, सुदान ब्लॉक बघा. कमानी, सज्जे, वर घुमट आणि थेट जोधपूरचा तांबडा दगड. नावही परक्या देशाचं. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय सैनिक सुदानसाठी लढले, त्याची जाण ठेवून सुदानने १ लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ७० हजार आले आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या या इमारतीचं १९५९ मध्ये उद्घाटन झालं. आज एनडीए म्हटलं की हीच इमारत डोळ्यांपुढे येते. तिथे ती परकी वाटत नाही, कारण तिच्या असण्यामागे घडलेली गोष्ट आहे. कणसाच्या चित्रामागे तशी गोष्ट असेल तर तेही शोभेल; नसेल तर ते बालीइतकंच उसनं.

हे तपासायला कलादिग्दर्शकाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार लागतो. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेल्या आणि पुढे पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीत कलादिग्दर्शक साहेबमामा फत्तेलाल पाच भागीदारांपैकी एक होते. चित्रकाराचा शब्द तिथे मालकाचाही होता. आज कलादिग्दर्शक शेवटच्या बैठकीला बोलावलेला पाहुणा असतो आणि ‘लोगो जरा मोठा करा’ एवढं ऐकून परततो.

तेव्हा ब्रँड काढणाऱ्यांनो, फलक समोर आला की प्रत्येक चित्रावर बोट ठेवून विचारा, हे इथे का? ‘छान दिसतं’ एवढंच उत्तर आलं, तर ते चित्र काढायला लावा.