ब्रेकची किंकाळी

मोटारीचा ब्रेक किंचाळू लागला की आपण प्रथम ओशाळतो; रस्त्यावरचे लोक वळून पाहतात ना! आवाज बंद कसा होईल, एवढेच सुचते. तो का होतो, हे विचारायचे राहून जाते.

पावसात रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी चारदोनदा ब्रेक दाबला की तो निघून जातो. त्याची धास्ती नको. (काही भाविक मने अशा गंजालाच पाप समजून झुरत बसतात.) परंतु पुष्कळ ब्रेकपॅडांना धातूची एक लहान पट्टी मुद्दाम जोडलेली असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि किंचाळते. हा बिघाड नव्हे, तिचे नेमलेले कामच ते. तेथे तेल सोडावे, तर आवाजाबरोबर ब्रेकही जातो.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात डाग दिलेल्या सदसद्विवेकबुद्धीचा उल्लेख आहे. डागलेल्या जागी वेदना उरत नाही. ती जागा आपल्यात कोठे असेल?

समजा, अशी गाडी विकायची आहे. पट्टी थोडी वाकवली की किंकाळी थांबते. ग्राहक विचारीत नाही, आपणही सांगत नाही. खोटा शब्द एकही उच्चारला नाही, असे समाधान आपण मानतो. पण ती सूचना आता आपली राहिलेली नसते. उद्या त्या गाडीत बसणाऱ्या त्याच्या लेकरांची असते, आणि ती आपण नव्या पॅडांच्या किमतीसाठी काढून घेतलेली असते.