चार वॅट आणि एक खोली

आज गुरुवार. एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे भोसरीकडची धडधड थंडावली आहे. असा दिवस दवडू नका. पंखा बंद करा, रोज जिथे बसून गाणं ऐकता तिथे बसा आणि थोडा वेळ काहीच लावू नका.

पिंपरीतली खोली पूर्ण शांत कधीच होत नाही. हायवेची घरघर येते, लोकलचा भोंगा येतो, खालच्या घरातला कुकर शिट्टी देतो. येऊ द्या. तुमच्या स्पीकरला या सगळ्याच्या थोडंसं वर बोलायचं आहे. ते ‘थोडंसं’ म्हणजे किती, हे आधी कानाला कळू द्या.

आता टेबलावरच्या अँप्लिफायरकडे बघा. दोन बाजूंना ६व्ही६चा एकेक व्हॉल्व्ह, प्रत्येकाचे जेमतेम ४ वॅट. शंभर-दोनशे वॅटच्या पाट्या वाचून आलेलं मन इथे खट्टू होतं. त्याला घाई करू नका. घरात कधी व्हॉल्व्हचा रेडिओ होता का, आठवून बघा. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी असेल, बुश असेल, फिलिप्स असेल. १९५३ साली पुणे आकाशवाणी सुरू झाली तेव्हाचे रेडिओ असेच होते. ताकद दोन-चार वॅटच, पण माजघरात लागलेल्या बातम्या ओसरीवर ऐकू यायच्या.

त्या रेडिओची मागची बाजू डोळ्यांसमोर आणा. भोकं पाडलेला पुठ्ठा, आत धुळीचा वास, हलक्या कागदाचा एक स्पीकर आणि त्याच्यामागे मोकळी हवा. या चित्रापाशी थोडं रेंगाळा. आपल्याला हवं ते बरंचसं इथेच आहे.

एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती मोठा वाजतो, ती त्याची सेन्सिटिव्हिटी. आजच्या शेल्फवरच्या बऱ्याच छोट्या स्पीकरची ती ८६ डेसिबलच्या आसपास असते. हलक्या कागदाचा, मोठ्या चुंबकाचा आठ इंची स्पीकर ९५पर्यंत जातो. फरक ९ डेसिबलचा, आणि दर ३ डेसिबलला लागणारी ताकद दुप्पट होते. म्हणजे ९५च्या स्पीकरला जे काम ४ वॅटमध्ये जमतं, त्यासाठी ८६च्या स्पीकरला ३२ वॅट लागतील. हा हिशेब कागदावर स्वतःच्या हाताने मांडा. वॅटची चिंता तिथेच मिटते.

मिरजेचा तानपुरा आठवा. बोटाचा जोर तो केवढा! पण तबली हलकी आहे आणि भोपळा मोठा, म्हणून खोली भरते.

इथून मन बासकडे धावेल. धावू द्या, पण सोबत हॉफमनचा नियम ठेवा. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या नावातला ‘एच’ तो हाच. त्याचं म्हणणं असं की लहान पेटी, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. चार वॅटवाल्याने तिसरी आधीच पत्करली आहे. मग पेटी मोठी करा किंवा बास थोडा सोडा. दोन खोल्यांच्या घरात मी बास सोडेन, आणि हे मी मनापासून सांगतो. गायकाचा गळा आणि तानपुऱ्याची जवारी नीट ऐकू आली, तर सगळ्यात खालचं एक सप्तक नसलं तरी चालतं.

अनेक ड्रायव्हर, म्हणजे पेटीतले सुटे स्पीकर, आणि त्यांच्यात सूर वाटून देणारा गुंतागुंतीचा क्रॉसओव्हर असलेला आराखडाही बाजूला ठेवा. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, कुठे ३ ओहमपर्यंत उतरतो, कुठे ३०वर चढतो, आणि फीडबॅक नसलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर त्या चढउतारामागे आपला सूर बदलत जातो. पुण्याच्या केडन्स ऑडिओने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घडवून मोठं काम केलं आहे, पण ती वाट भरपूर वॅटवाल्याची. तुमच्यासाठी प्रत्येक बाजूला एकच दुहेरी कोनाचा फुल-रेंज ड्रायव्हर पुरे.

तो हातात घ्या. बुधवार पेठेतून नवा आणला असेल किंवा जुन्या बाजारातून जुना, तपासायची रीत एकच. कोनावर समोरासमोर बोटं टेकवा आणि सगळीकडून सारखं, अगदी हलकं दाबा. सोडा. पुन्हा दाबा. कान जवळ न्या. बारीकशी जरी खरखर आली तरी कॉईल घासते आहे. तो ड्रायव्हर बाजूला ठेवा. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. अधिकला अधिक लागलं की कागद बाहेर सरकतो. दोन्ही ड्रायव्हर एकाच दिशेने सरकले पाहिजेत.

पेटीचा विचार अजून नको. १८ मिमी प्लायची आठ बाय चारची एक शीट घ्या. दोन फूट बाय चार फुटांचे चार तुकडे निघतात: दोन समोरच्या फळ्या, उरलेले दोन उभे चिरून चार पंख. प्लाय घेताना बोटाच्या पेराने ठिकठिकाणी ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर आत थर सुटला आहे. फळीला भोक पाडा, मधोमध नको, एका बाजूला सरकवून. ड्रायव्हर बसवा, फळीच्या दोन्ही कडांना मागच्या अंगाने पंख जोडा, आणि रेडिओसारखी मागची बाजू मोकळी ठेवा. दोन फूट रुंदीच्या फळीवर ३०० हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज उतरू लागतो. पंख आणि जमिनीचा टेकू त्यातला काही भाग परत देतात.

महिनाभर रोज ओळखीचं एकच गाणं ऐका. फळी भिंतीपासून हातभर पुढे घ्या, मागे न्या. डग्ग्याची घुमक तरीही कमी वाटली, तर तोच ड्रायव्हर मोठ्या पेटीत जाईल. खर्च फक्त लाकडाचा.

एक मात्र प्रत्येक वेळी बघा. अँप्लिफायरचं बटण दाबण्याआधी स्पीकरच्या दोन्ही तारा घट्ट जोडलेल्या असू द्या. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप्लिफायर वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.