ऐकणाऱ्याचे कर्तव्य

महाडहून निघालेली मालमोटार पोलादपूर सोडते तेव्हा तिची खरी परीक्षा सुरू होते. दक्षिणेस खेडकडे कशेडीचा चढ आहे, पूर्वेस महाबळेश्वराकडे जाणारा आंबेनळी घाट आहे. कशेडीस आता बोगद्याची सोय झाली असली, तरी जुन्या डिझेल गाडीला चढण चुकली असे नाही. सपाट रस्त्यावर इंजिनाचे जे दुखणे झाकलेले राहते, ते भाराखाली बोलू लागते. चालकाला तो आवाज ऐकू येतो, शेजारच्या क्लीनरलाही येतो, आणि पुष्कळदा दोघेही गप्प राहतात. या गप्प राहण्याचा येथे थोडा विचार करावा असा आमचा हेतू आहे. आपल्या ताब्यातील वस्तू आपला दोष स्वतः सांगू लागली, आणि ते ऐकण्यास पैसा पडणार असला, तर ऐकणाऱ्याचे कर्तव्य काय?

प्रत्येक आवाज हा दोष नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली जर्मनीत यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा दाबून इतकी तापवितात की, तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. फवारा आणि पेट यांच्यामध्ये क्षणाचा अल्पसा अंश जातो. तेवढ्यात साचलेले तेल एकदम जळते आणि ठोका उमटतो. इंजिन थंड असता हा अवकाश वाढतो, म्हणून पहाटे सुरू केलेली गाडी अधिक खडखडते. हा तिचा स्वभाव होय. स्वभावाला रोग मानून सारे इंजिन उघडणारा मिस्त्री मालकाला नाहक खर्चात घालतो. उलट रोगाला स्वभाव मानणारा मालक ‘जुनी गाडी आहे, वाजायचीच’ असे म्हणून आपली सुटका करून घेतो. दोघांनीही चौकशीपूर्वीच निकाल दिलेला असतो.

मग चौकशी कशी करावी? जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत जाणता मिस्त्री इंजिन संथ चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या तेलाच्या पाइपाची नट जपून सैल करतो. त्या सिलिंडरात जळणे थांबते. आवाज तरीही तसाच राहिला, तर दोष टॅपेटचा असण्याचा संभव अधिक; तो हलका, टकटक करणारा असतो आणि झडपेची फट मोजून नीट केली की बहुधा जातो. आवाज बदलला, तर संशय दोघांवर येतो: तेल फवारणारे नॉझल किंवा कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. तेव्हा ते नॉझल काढून दुसऱ्या सिलिंडरला लावतात. आवाज नॉझलाबरोबर गेला, तर अपराधी सापडला. तो जागीच राहिला आणि ऑइलचा दाबही उतरलेला दिसला, तर खालून चेंबर उघडून बेअरिंग पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

या रीतीत केवळ कौशल्य नाही, एक नीतीही आहे. आपला तर्क खोटा ठरू शकेल अशी कसोटी मिस्त्री स्वतःच लावतो, आणि तो खोटा ठरला तर सोडून देतो. नुसत्या कानावर त्याची भिस्त नसते. कान तरी कशाने तयार होतो? १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून आतील ध्वनी ऐकला, आणि त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप झाला. परंतु त्या ध्वनींचा अर्थ त्याला कळला तो मृत रोग्यांच्या शवविच्छेदनाशी ते ताडून पाहिल्यामुळे. गॅरेजातील वृद्ध मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला व मूठ कानाला लावतो, तेव्हा त्याच्या कानात पूर्वी उघडून पाहिलेली कित्येक इंजिने असतात.

याच्या उलट एक दुसरी रीत आहे. इंजिनात नेहमीपेक्षा जाड ऑइल ओतावे, म्हणजे काही दिवस आवाज दबतो. विकावयाच्या गाडीवर हा प्रयोग करणारे लोक आहेतच. येथे दोष तसाच राहतो. नाहीसा होतो तो त्याचा साक्षीदार. साक्षीदाराचे तोंड बांधणे यास दुरुस्ती म्हणता येत नाही, मग ती गाडी दुसऱ्याची असो वा स्वतःची.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्याच्यापाशी एकच गाडी आहे आणि तिचेही हप्ते चालू आहेत, त्याला ही नीती कशी परवडावी?’ आक्षेप खरा आहे. तथापि ऐकणे म्हणजे तत्काळ खर्च करणे नव्हे. टॅपेटचा आवाज आठवडाभर थांबू शकतो. बेअरिंगचा थांबत नाही. वेळीच पाहिले तर कधी केवळ बेअरिंग बदलून भागते, उशीर केला तर क्रँक घासून घ्यावा लागतो, आणि त्याहून उशीर केला तर रॉड तुटून ब्लॉक फोडतो. जाणून थांबणे हा हिशेब आहे; न जाणता चालणे हा जुगार आहे. शिवाय त्या जुगारातील पण एकट्या मालकाचा नसतो. घाट उतरताना खालच्या गिअरात इंजिनच गाडीला आवरून धरते, आणि ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसरही त्याच इंजिनावर चालतो.

आमच्या मते खरी अडचण याहून खोल आहे. आवाज ऐकतो तो चालक. पैसा देतो तो मालक, आणि तो गाडीत बसलेला नसतो. ‘गाडी वाजते आहे’ असे सांगणाऱ्या चालकाची खेप बुडाली व मजुरीही बुडाली, तर पुढच्या वेळी त्याला आवाज ऐकू येत नाही. त्याचा कान बधिर झाला नाही. त्याला बधिर राहणे शिकविले गेले आहे. म्हणून ऐकण्याचे कर्तव्य चालकापाशी सुरू होत असले, तरी ते पुरे होते मालकापाशी. सांगणाऱ्यास सांगण्याबद्दल दंड पडू नये, इतके तरी त्याने पाहिलेच पाहिजे. ज्या घरांत वाईट वार्ता आणणाऱ्यावरच प्रथम राग निघतो, त्या घरांनाही हे लागू आहे.

महाडकरांना याची आठवण करून देण्याची गरज नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या महापुरात ब्रिटिश अमदानीतील जुना पूल वाहून गेला, आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या व इतर वाहने माणसांसह गेली. त्या काळोखात पुलावर चढणाऱ्या चालकाला पुढचे काही ऐकू येणे शक्य नव्हते. पूल मुका असतो. त्याची प्रकृती कोणीतरी जाऊन विचारावी लागते. जुने इंजिन मात्र न विचारताच सांगते, तेही पुष्कळदा मोडण्यापूर्वी बरेच दिवस. इतकी सवलत फार थोड्या संकटांत मिळते. ती मिळाली असता पोलादपूरलाच गाडी बाजूस घेऊन नट सैल करून पाहावी, आणि जे कळेल ते मालकाला जसेच्या तसे सांगावे. त्यावर मालकाने पहिला प्रश्न खर्चाचा न विचारता ‘आवाज कोठून येतो?’ एवढाच विचारला, तर घाटावरच्या कित्येक अनोळखी माणसांचे त्याने नकळत रक्षण केले असे होईल.